दोघांच्या नावावरची जागा

अण्णा, काल ऑफिसात एक गोष्ट घडली आणि ती सांगायला मला तुम्हीच हवे होतात. मी शाळेत असतानाच तुम्ही गेलात, त्यामुळे घरातली पहिली पदवी तुम्हाला दाखवायची राहिली आणि नोकरीही. आपल्याच या कानडी शहरातल्या एका संशोधन संस्थेत मी कॉम्प्युटरवरची साठवण सांभाळते. प्रत्येक विद्यार्थ्याला जागा ठरवून दिलेली असते, तिला कोटा म्हणतात. काल सकाळी नागपूरची एक मुलगी रडवेली होऊन आली. दुपारी प्रबंध जमा करायचा होता आणि कोटा संपला म्हणून मशीन तिला एक ओळही लिहू देत नव्हतं. "ताई, खरंच सांगते, मी नवीन काहीच टाकलं नाही." आमचे साहेब म्हणाले, "सगळे हेच म्हणतात. जुनं पुसायला सांग." जुनं म्हणजे तलावांच्या पाण्याच्या नोंदी, ज्यांवर तिचा सगळा प्रबंध उभा आहे. मला ते सांगवेना.

शोधलं तेव्हा कळलं. आमच्या फाइल-सिस्टिममध्ये एकाच्या फाइलची दुसऱ्याने प्रत घेतली, तरी ती खरोखर दुसऱ्यांदा लिहिली जात नाही. कोणी बदल करेपर्यंत दोघं एकच प्रत वापरतात, आणि सामायिक म्हणून ती कोणाच्याच कोट्यात धरली जात नाही. तिच्या नोंदी एका सीनियरबरोबर अशा सामायिक होत्या. तो शिकून गेला, परवा मीच त्याचं खातं पुसलं, आणि सगळा भार एकट्या तिच्या नावावर चढला. साहेबांनी आकडे पडताळले, मग कानडी मिसळत म्हणाले, "सरी, वाढवून दे स्वल्प." म्हणजे बरं, थोडी वाढवून दे. ती म्हणाली, "म्हणजे मी खोटं बोलत नव्हते ना?" "नव्हतीस गं. पळ, आधी जमा कर!"

मग दिवसभर मला इथलं शिवाजीनगर आठवत राहिलं. शिलाई मशीनचे सुटे भाग घेऊन आपण बस स्टँडमागच्या हॉटेलात उभे आहोत. तुम्ही बाय-टू मागता, एक कॉफी दोन पेल्यांत. वेटर विचारतो, "मुलीला स्वल्प जास्ती?" तुम्ही म्हणता, "नको रे बाबा, आधीच बसमध्ये माझे कान खाते." समोरच्या मिशीवाल्या दुकानदाराला आपण 'झाडू' म्हणायचो. आपण कशाला हसतो ते आईला कधी कळलं नाही. तुम्ही गेल्यावर मी गप्प गप्प असायचे, तेव्हा ती म्हणायची, "राबते मी, तुला गं कसला भार?" नवीन काहीच उचललं नव्हतं मी.

आपल्या दोघांचं ते सगळं आता जड वाटत नाही. माझी जागाही वाढली असावी. काल ऑफिस सुटल्यावर त्याच हॉटेलात गेले. झाडू पांढरा झालाय, अण्णा! एकटीच हसले. हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते पर्समध्येच राहील. एक मात्र सांगते, मी तिथे अजून बाय-टूच मागते. कोणी येणार असेल म्हणून वेटर दुसरा पेला पलीकडच्या बाजूला ठेवतो, आणि मी त्याला काही सांगत नाही. आधी तुमचा पिते, गार होऊ नये म्हणून.