माझी रायफल आणि बर्नीचं काडतूस

मी, सिसिलिया मेरी कोवारिक, कै. लिओ कोवारिक यांची विधवा, राहणार डिलनजवळ, मोन्टाना, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणू शकेल असा एकच माणूस होता, तो देवाघरी गेला. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर, ओढ्यापर्यंतचे कुरण आणि बँकेतली शिल्लक माझी नात नोरा हिला. स्वयंपाकघरातली लाकडाची चूल तिने काढू नये.

२. निळी गोधडी माझी धाकटी बहीण बर्नडेट, म्हणजे बर्नी, हिला. आई गेल्यावर आम्ही दोघी कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात वाढलो. दिवे मालवून सिस्टर गेल्या की बर्नी माझ्या पांघरुणात शिरायची आणि बर्फासारखे पाय माझ्या पोटरीला लावायची. तिचे पाय अजूनही गार पडतात.

३. रायफल नोराला. हिच्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे.

ही वडिलांनी मला दिली. माझा नेम बर्नीपेक्षा चांगला म्हणून दिली, आणि तसे तिच्यासमोर सांगितले. तेव्हा ती थर्टी-ऑट-सिक्स काडतुसाची होती; नळी ज्या मापाची, तेच काडतूस रायफलीत चालते. माझा पहिला एल्क, घोड्याएवढा हरणाचा नर, मी हिनेच मारला. त्या दिवशी वडील घरी येईपर्यंत गुणगुणत होते. लग्नानंतर रायफल लिओच्या खांद्यावर गेली. मूल झाले, माझे डोंगरावर जाणे सुटले, आणि दर हिवाळ्याच्या तोंडावर लिओ आणि बर्नी शिकारीला जाऊ लागले.

नळी झिजून नेम पसरू लागला तेव्हा लिओने नवी बसवून आणली, ती काडतूस बदलून. सात बाय सत्तावन. बर्नीच्या रायफलीचे.

"मला विचारलं नाहीस," मी म्हटले.

"अगं, शिकारीच्या छावणीत दोघांचं काडतूस एक असलेलं बरं. एकाचं संपलं तर दुसऱ्याचं चालतं. सगळेच तसं करतात."

सगळेच करतात, हे खरे. इथे बाप-लेक, भाऊ-भाऊ, नवरा-बायको एकच काडतूस ठेवतात. मी ताटे पुसत होते, ती पुसत राहिले. पुढे तो तळघरात बसून स्वतःसाठी आणि बर्नीसाठी उडवलेल्या काडतुसांत पुन्हा दारू आणि गोळी भरायचा आणि वर मला यंत्राच्या दांड्याची खटखट ऐकू यायची. त्यांच्यात काही वावगे होते असे मी लिहीत नाही. तसे असते तर मला निदान रागावता आले असते.

४. आता तीही नळी झिजली आहे. नोराला रायफल नवी नळी घालूनच द्यायची. परवा प्रार्थनेनंतर बर्नी कॉफीला आली होती.

"ताई, काडतूस तेच ठेव हं. लिओने भरलेला एक डबा मी अजून जपलाय. नोराला देईन."

"तू कशाला जपलास?"

"मग काय कोंबड्यांवर झाडू?"

माझ्याकडे लिओने भरलेले एकही काडतूस नाही.

बंदुका दुरुस्त करणाऱ्या एमिलला मी घरी बोलावले. तो म्हणाला, "कोवारिकबाई, मूळची थर्टी-ऑट-सिक्सचीच आहे, तेव्हा बसेल. पण खांद्याला धक्का मोठा. पोरगी काडीसारखी. सात-सत्तावन एल्कला पुरतं की."

"मी तिच्याएवढीच होते."

"काडतूस एल्कसाठी निवडताय की बहिणीसाठी?"

"बहिणीसाठी. नळी जरा जाड घाल, वजनाने धक्का कमी बसेल, आणि दस्त्याला रबराची गादी लाव. पोरीचा खांदा दुखायला नको."

म्हणून माझा आदेश: नळी थर्टी-ऑट-सिक्सचीच बसवावी, खर्च माझ्या शिलकीतून करावा. पुढे नोराला हवे ते काडतूस तिने घ्यावे, पण बर्नीच्या हयातीत नाही.

५. माझे दफन लिओच्या डाव्या हाताला, माझ्या जागेत. उजव्या हाताची जागा बर्नीने घेऊन ठेवली आहे. "स्वस्तात मिळाली गं," म्हणाली. तिच्या दगडाला कोणते फूल कोरायचे ते तिने ठरवावे. माझा दगड तिच्या दगडापेक्षा बोटभर उंच असावा.

६. वकिलांनी समजावले की कायद्याने रायफल म्हणजे क्रमांक कोरलेला तिचा सांगाडा, ज्यात घोडा बसतो तो भाग. नळी हा नुसता सुटा भाग; झिजते, बदलते, तिची कुठे नोंद नसते. मी त्यांना ते पुन्हा एकदा सांगायला लावले.

तेव्हा सांगाडा माझ्या घरात राहील. लिओने बसवलेली नळी एमिलने काढावी, स्वच्छ करावी आणि तेल लावून बर्नीच्या हाती द्यावी. तिच्यावर काडतुसाचे नाव कोरलेले आहे. डब्यातली काडतुसे तिच्या मागच्या टोकात अजूनही नीट बसतील. बर्नीने एखादे बसवून पाहावे. आवाज होणार नाही.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि त्यातले काही कमी करण्याची माझी इच्छा नाही.

सही: सिसिलिया मेरी कोवारिक

साक्षीदार: एमिल ट्वाइट, बंदूक दुरुस्ती (कलम ४ पटलेले नाही, तरी सही केली)
साक्षीदार: डोरिस प्लमर, शेजारीण

स्थळ: डिलन, मोन्टाना
दिनांक: १४ ऑक्टोबर २००९