ओहोटीची जागा

महाल, नागपूर
१२ फेब्रुवारी २०२६

प्रिय कौशल्या,

कशी आहेस? गुडघा काय म्हणतो? इकडे सगळे बरे. उन्हाने आत्तापासूनच डोळे वटारलेत. संत्री पाठवली आहेत. आंबट निघाली तर मला नाही, झाडाला बोल.

तुझ्या खाडीची फार आठवण येते गं. ह्यांची बँकेची बदली तिथे झाली नसती, तर पाणी म्हणजे आमचा फुटाळा तलाव, ठेवला तिथे राहणारा, असंच मी जन्मभर समजले असते. ओहोटी लागली की तुम्ही बाया तिसऱ्यांच्या शिंपल्या वेचायला चिखलात उतरायच्या. पुढे मीही पदर खोचून उतरू लागले. हाताला येईल ते टोपलीत टाकायचे, आणि तू दटावायचीस, "बारकी रवांदेत गो, ती फुडल्या वर्षाची." आमच्या घरात मासा शिजत नाही, पण आमचा लहानगा गौरांग तुझ्या चुलीपाशी काय जेवून येतो ते मला वासावरून कळायचं. मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. फार सुखाचे दिवस होते ते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. फोनवर बोलता आलं नसतं.

किनाऱ्यावरच्या गावांसाठी मत्स्यशेतीचं नवं धोरण येतंय. धोरण वाईट नाही. खाडीला सोसतील एवढेच मासे वाढवायचे पिंजरे लावायचे, गावातल्यांना काम द्यायचं, असं त्यात आहे. पण नकाशासाठी वरून, उपग्रहातून काढलेला फोटो भरतीच्या वेळचा. त्यामुळे तुमची तिसऱ्यांची जागा नकाशात रिकामं पाणी म्हणून आली आणि पिंजऱ्यांना दिली गेली. पिंजरे लागले की तिथे कोणाला उतरता येणार नाही. तू, तुझी सून माया, वाडीतल्या साऱ्या बाया काठावर बसाल.

नकाशा इथे नागपुरातच झाला. करणाऱ्याला मी सांगितलं. तो म्हणाला, "आई, फोटोत तर पाणीच दिसून राहिलं नं."

हो, आपला गौरांग.

"त्या चिखलात रांगला आहेस तू," म्हटलं. मग म्हणाला, "नकाशा वर गेला आता. गावातून लेखी हरकत आली तरच बदलेल." त्याच्या नावावरचं हे पहिलं मोठं काम. हरकत आली तर पुढचं मिळणार नाही, म्हणून सूनबाई वेदिका रडली. मीही रडले.

त्याचं नाव कळलं की तू लेकासाठी 'आपलोच झील' म्हणून गप्प बसशील, हे मला ठाऊक आहे. म्हणून नाव लिहूच नये असं वाटत होतं. पण तुझ्यापासून काय लपवायचं?

गप्प बसू नकोस, कौशल्या. सोबत हरकतीचा अर्ज आहे. महिनाअखेरच्या आत सगळ्या बायांच्या सह्या घेऊन दे. पहिली सही मी केली आहे, गौरांगच्या समोर बसून. त्याने पेन पुढे केलं नाही, पण उठूनही गेला नाही.

तुझी, आणि त्याचीही,
यमू