नवरीचा लेप

सोलो (जावा), ४ ऑगस्ट
आजपासून निंग्रुम खोलीबंद! लग्नापर्यंत धाकट्या बहीणबाईंनी बाहेर पडायचं नाही, नवऱ्या मुलाचं तोंड पाहायचं नाही, आणि रोज अंगभर हळद, आलं, तांदळाच्या पिठाचा लेप. मावशी सकाळपासून वाटतेय. "हळदीनं कांती उजळते, आल्यानं रक्त खेळतं." मोठी वैद्यच! जन्मभर हळद वाटून तिचे स्वतःचे हात का नाही उजळले?

५ ऑगस्ट
चादरी पिवळ्याधमक. धुणार कोण? मीच.

७ ऑगस्ट
मावशी वाडगा घेऊन दारात — "वेनिंग, नवरीचा उरलेला लेप लाव गं तोंडाला. तुझंही जमेल कुठेतरी." मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते, आणि माझं लग्न आल्याच्या तुकड्यावर अडलंय! वाडगा तसाच परत केला.

थोरलीच्या आधी धाकटीचं, म्हणून परवा निंग्रुमनं चारचौघांत माझी परवानगी मागायची. मी 'नाही' म्हटलं तर लग्न अडतं. पण तसं म्हणतं कोण? 'हो' म्हणायचं, मागू ती भेट घ्यायची. स्कूटर मागणार आहे.

८ ऑगस्ट
मावशीचं मनगट आखडलं, म्हणून लेप लावायला मी. कुरकुरतच गेले. निंग्रुम उजवा दंड दाखवेना. ओढून कालचा लेप पुसला — चार बोटं उमटलेली! निळी, कडेनं पिवळी पडत चाललेली. खोलीत बसायच्या आदल्या संध्याकाळी नवरा मुलगा, हेंद्रो, तिला फिरायला घेऊन गेला होता.

"पडले," म्हणाली. पडल्यावर बोटं उमटतात? मग रडायलाच लागली. "तो नंतर माफी मागतो गं, ताई." नंतर! म्हणजे हे पहिलं नव्हे. "मोड ना मग!" म्हटलं. "आमंत्रणं गेली. मला नाही जमणार बोलायला."

मावशीला गाठलं. मान वर करेना. "आल्यानं साकळलेलं रक्त मोकळं होतं. लग्नापर्यंत दिसणारही नाही. तुझ्या आईनंच सांगितलं लावायला." तिला ठाऊक होतं. आईलाही! एवढं वाटण कांतीसाठी नव्हतंच. किळस आली दोघींची.

९ ऑगस्ट
अंगण पाहुण्यांनी भरलेलं. निंग्रुमनं माझ्या गुडघ्यांवर डोकं ठेवलं. "ताई, तुझ्या आधी जाऊ?"

मी म्हणाले, "नाही."

आईनं सगळ्यांदेखत थोबाडीत मारली. निंग्रुमनं गुडघे सोडले नाहीत.