हे पोरीत कुणाकडून आलं

देव्हेंटर, नेदरलँड्स, रविवार, १४ एप्रिल

प्रिय ड्वाइट,

तू, शर्ली आणि पोरं मजेत असाल. इथे आम्ही तिघं ठीक आहोत. ब्रॅमचा खोकला गेला, लिसबेट बोटभर उंच झाली, आणि नदीचं पाणी यंदा पुन्हा कुरणात चढून परत उतरलं.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण तुझ्या स्वयंपाकघरात बाबा बसलेले असतात आणि तुझा फोन अख्ख्या घराला ऐकू जातो. पत्र मात्र टेबलावर उघडं पडलं तरी धोका नाही. का ते तुला मी सांगायला नको.

बाबा इथून ठरल्यापेक्षा लवकर का परतले, असं तू विचारलंस. कुत्र्याची आठवण येत होती असं त्यांनी तुला सांगितलं म्हणे. येत असेलही. इथे त्यांना आवडलं होतं, हे खोटं नाही. कच्चा मासा शेपटीला धरून खाल्ला आणि वर म्हणाले, "आपल्याकडे याला आमिष म्हणतात." सायकलवर बसायला मात्र तयार झाले नाहीत.

ब्रॅमच्या घरची, माझ्या सासरची माणसं वाईट नाहीत, हे मी दर वेळी लिहिते आणि दर वेळी त्यानंतर तक्रार करते. आज तक्रारच करणार आहे. इतकी वर्षं या घरात वावरले, यांच्या भाषेत भांडते, यांच्यासारखीच दोन मिनिटं आधी पोचते, तरी जेवणाच्या टेबलावर मी म्हणजे अख्खी अमेरिका. टीव्हीवर कुणा अमेरिकन बाईला नकाशात युरोप सापडला नाही, की नणंद मारियान माझ्याकडे बघते. "रोझॅन, तुमच्याकडे भूगोल ऐच्छिक असतो का गं?" माझी शिक्षिकेची पदवी इथे अर्धीच धरली, म्हणून मी शाळेत मदतनीस आहे. सासरे स्वतः मुख्याध्यापक होते. त्यांच्या मते त्यात नवल काही नाही. "तुमच्याकडे शाळा म्हणजे खेळाचं मैदान. बाजूला वर्ग बांधलेत एवढंच." आणि त्यांचं आवडतं वाक्य, की अमेरिकन माणूस म्हणजे उंच झालेलं मूल. अनोळखी माणसाला पाच मिनिटांत आपल्या घटस्फोटाची गोष्ट सांगतो, आणि दुसऱ्या दिवशी ओळख देत नाही. मी हसून सोडून देते. हसले तरी ऐकावं लागतं, "बघा, हसली."

त्यात आमच्या लेकीचं, लिसबेटचं झालं. इथे बारा वर्षांच्या पोराला शाळाच सांगते, तू पुढे पुस्तकी शिक्षणाला जायचं की हातकामाच्या. लिसबेटला हातकामाच्या शाळेत जा असं सांगितलं. सासऱ्यांनी तो निकाल ऐकला आणि साखरेच्या भांड्याकडे बघत म्हणाले, "आमच्या घराण्यात असं कधी झालेलं नाही." बाकीचं वाक्य मला बोलून दाखवायची गरज नव्हती.

आता सासऱ्यांच्या वाढदिवसाचं सांगते. इथल्या रीतीप्रमाणे खुर्च्या गोल मांडल्या होत्या आणि प्रत्येकाने प्रत्येकाचं अभिनंदन केलं. बाबा माझ्या कानात म्हणाले, "वाढदिवस त्याचा, मग मला कशाबद्दल शाबासकी?" कॉफी झाली, केकचा एकेक तुकडा झाला. मग सासऱ्यांची प्रश्नमंजुषा. दर वर्षी ते स्वतः चिठ्ठ्या लिहितात. ज्याची पाळी त्याने चिठ्ठी मोठ्याने वाचायची आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. या वेळी पाहुण्यासाठी म्हणून सगळ्या इंग्रजीत लिहिल्या होत्या. त्यांनी प्रेमानेच केलं होतं, ड्वाइट. हे मला नीट लिहायला हवं.

बाबांची पाळी आली. त्यांनी चिठ्ठी घेतली, खिसे चाचपले आणि म्हणाले, "चष्मा वर राहिला वाटतं."

आपण लहानपणापासून ऐकत आलो ते वाक्य. आपल्याकडे ते कुठेही खपतं. इथे सासूबाईंनी लगेच स्वतःचा चष्मा काढून पुढे केला. "लावून बघा, हा बहुतेकांना चालतो."

बाबांनी तो लावला. निळ्या काड्यांचा, बायकी. मी उठत म्हणाले, "मी वाचते ना." त्यांनी हातानेच मला खाली बसवलं. मग चष्मा काढून सासूबाईंना परत दिला.

"चष्म्याचं काही नाही बाई. मला वाचता येत नाही. कधीच आलं नाही."

मारियानने चीजची ताटली पुढे सरकवली आणि म्हणाली, "मोहरी लावून घ्या, छान लागतं." मग सासरे डचमध्ये सगळ्यांना समजावायला लागले. "यात यांचा काही दोष नाही. एवढा श्रीमंत देश, आणि सत्तरीच्या माणसाला अक्षरओळख नाही. मी इतकी वर्षं दुसरं काय सांगतोय?" बाबा समोर बसलेले, आणि हे फळ्यावर आकृती काढून दाखवावी तसं बोलत होते. त्यावर मारियान हळूच म्हणाली, "मग लिसबेटचं नवल वाटायला नको."

लिसबेट दारातच उभी होती. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

मी म्हणाले, "बोलायचं तर त्यांना कळेल अशा भाषेत बोला." सासरे म्हणाले, "त्यांना वाईट वाटू नये म्हणूनच आपल्या भाषेत बोलतोय." मग मी बरंच काही बोलले. बारा वर्षांच्या पोरांना बटाट्यांसारखं निवडता आणि आम्हाला अडाणी म्हणता, असंही बोलले. बोलता बोलता रडले. ब्रॅमने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "आत्ता नको, रोझॅन." मारियान म्हणाली, "आता हे पाहुण्यांसमोर रडणं. हेच तर म्हणतो आम्ही." आणि बाबा चीज खात होते. मोहरी लावून. त्यांना मोहरी आवडत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिकीट बदलायला सांगितलं. स्टेशनवर मला विचारलं, "तुझी नणंद पोरीचं नाव घेऊन काय म्हणाली?"

"काही नाही, बाबा."

त्यांनी बॅग उचलून पायाशी घेतली. मग म्हणाले, "ते पोरीत माझ्याकडून आलं का?"

मी म्हणाले, "नाही हो. असं काही नसतं." गाडी आली आणि ते चढले.

गेल्या आठवड्यात लिसबेटची तपासणी झाली. डिस्लेक्सिया आहे. हुशारी भरपूर आहे, पण अक्षरं तिच्यासमोर जागेवर थांबत नाहीत. तपासणाऱ्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, घरात आणखी कुणाला आहे का. या बाईंची वेळ कुणी मिळवून दिली माहीत आहे? सासऱ्यांनी. जुन्या ओळखी काढून, कुणाला न सांगता. शाळा आता पोरीचा निकाल पुन्हा बघणार आहे.

आणि आपल्या बाबांना काय मिळालं? मागचा बाक, आणि वर्गातल्या शेगडीत लाकडं घालायचं काम. शाळा सोडली तेव्हा कुणी विचारायलाही आलं नाही. सासऱ्यांचं बोलणं खोटं असतं तर मी सुखाने भांडले असते. ते खरं आहे आणि तरी त्यांना तसं बोलायचा हक्क नव्हता, या दोन्ही गोष्टी घेऊन मी घरभर फिरते आणि भांडी आपटते. ब्रॅम म्हणतो, सोडून दे. कुठे सोडू?

पण हे पत्र त्यासाठी नाही. तपासणीनंतर सायकलवरून घरी येताना मी लिसबेटला आजोबांचं सांगितलं. त्यांना वाचता येत नाही हे ती वाढदिवसालाच समजून चुकली होती, पण तिला वाटलं होतं की आजोबा शाळेतच गेले नसतील. मी म्हणाले, गेले होते, तुझ्यासारखंच झालं त्यांचं. पोरगी सायकलवरून उतरलीच. "म्हणजे मी एकटी नाही?" मग प्रश्नच प्रश्न. त्यांना गाडी चालवायचा परवाना कसा मिळाला, दुकानात डबा कसा ओळखतात, कधी कुणी हसलं तर काय करायचे. मला एकाचंही उत्तर माहीत नाही. आपण कधी विचारलंच नाही, ते चष्मा शोधायचे आणि आई वाचून द्यायची.

ती रोज फोन करू का म्हणते. मी दोनदा केला तर तू म्हणालास, ते गोठ्यात आहेत. ड्वाइट, तुम्ही गोठा विकून किती वर्षं झाली?

मी स्टेशनवर त्यांना खोटं सांगितलं. हो, ते त्यांच्याकडूनच आलं. हे त्यांना मी सांगायचं नाही आणि तूही नाही, लिसबेटने सांगायचं. पुढच्या रविवारी तुमची सकाळ झाली की लिसबेट फोन करेल. फोन त्यांच्या हातात दे, शर्लीला आणि पोरांना घेऊन बाहेर जा, आणि दार लावून घे. पोरीला उत्तरं हवी आहेत, आणि ती देणारा आपल्या दोन्ही घरांत एकच माणूस आहे.

वाट बघत आहे,
तुझी
रोझॅन