दोन डाव्या बाह्या

१४ नोव्हेंबर, रविवार

चि. चिमी हिस
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं, फोटोही पोचला. आम्ही दोघी खुशाल आहोत. आईचा गुडघा आहे तसाच आहे, पण त्यामुळे तिच्या तोंडाचा पट्टा काही थांबलेला नाही. फोटो तिनं लगेच भिंतीवर लावला. तू मेहुण्यांच्या काचा वाहायच्या गाडीच्या दारात एक पाय ठेवून उभी, हातात किल्ली. त्या खिळ्यावर आधी माझा फोटो होता, तो आता कपाटात गेला आहे. खिळा एकच होता म्हणे.

अक्षर वाकडंतिकडं आलं आहे, चालवून घे. टेबलाचा एक पाय आखूड आहे.

मेहुणे कुबडीशिवाय दारापर्यंत चालत गेले हे वाचून आनंद झाला. खरंच झाला. मग पुढं तू लिहिलंस की परवा चढावर गाडी बंद पडली, मागं दुकानाच्या मोठाल्या काचा उभ्या, आणि तू डोळे मिटून, देवावर हवाला ठेवून, 'तो आहे ना' म्हणालीस की झाली गाडी चालू. तिथं मी पत्र खाली ठेवलं. चढावर डोळे मिटतं का ग कुणी?

आईनं तेवढा भाग शेजारणीला वाचून दाखवला, मग दूधवाल्याला, मग मीटर बघायला आलेल्या माणसाला. "माझ्या धाकटीचं वाघाचं काळीज आहे," हे ऐकून ऐकून माझे कान किटले. मी विचारलं, मग थोरलीचं काय कोंबडीचं आहे? तर म्हणाली, तुझं काय बाई, तुझं सगळं सुरळीतच असतं.

तू म्हणशील ताई आज तिरकी बोलते आहे. आहेच तिरकी. मेहुणे काचा बसवताना परांचीवरून पडले तेव्हा मी हॉस्पिटलात आले होते, आठवतं? वाटभर मी ठरवत होते, तू गळ्यात पडून रडशील, मग मी तुला काय काय सांगेन. आणि तू त्यांच्या पायाशी बसून शर्टाला बटण लावत होतीस. शिवाय खोली झाडणाऱ्या बाईला तिच्या मुलीच्या परीक्षेचं विचारत होतीस. मी तुला धीर द्यायला आले होते आणि तू मला चहा पाजून परत पाठवलंस. घरी येऊन मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. आईला वाटलं मला तुझी काळजी लागली आहे.

काळजी होतीच, पण तेवढीच नव्हती. तुझ्या नवऱ्याचे दोन्ही पाय मोडले होते, तुला गाडी चालवता येत नव्हती, घरात दोन लहान मुलं, आणि तरी तू रात्री झोपत होतीस. त्या झोपेचा मला हेवा वाटला. माझ्यावर तर काही आलंही नव्हतं, आणि मला झोप नव्हती.

बाबा आपल्या दोघींना कापड बेतायला शिकवायचे तेव्हा म्हणायचे, थोरलीचा हात सफाईचा, धाकटीचा हात धीट. तू खडूची रेघ न मारता कात्री चालवायचीस. मी तीनदा मापायची. लोक धिटाई बघायला थांबतात, सफाई कुणी बघत नाही. तरी त्या सफाईवर मी दुकानात कटिंगच्या टेबलापर्यंत पोचले आणि इतकी वर्षं ते टेबल माझं आहे. वाट्याला आलेली ती एक गोष्ट मी जपली.

दुकानात सगळं ठीक आहे. एका कोटाचं जरा राहिलं आहे, ते उद्या बघू. बाकी विशेष नाही.

मंगळवार

पत्र टाकलं नाही. टेबलाचा पाय आखूड नाही, चिमे. माझा उजवा हात थरथरतो.

उन्हाळ्यापासून चाललं आहे. आधी नुसता अंगठा होता, मग कात्री धरली की मनगट, आता चमचासुद्धा. आईकडे पाठ करून जेवते. तिला अजून ताकास तूर लागू दिलेली नाही. डॉक्टरांनी मला कागदावर चकलीसारखा गोल काढायला सांगितला, आणि तो कागद त्यांनी उजेडाकडे धरून पाहिला. मग म्हणाले, हा मज्जातंतूंचा आजार दिसतो, पूर्ण जाणारा नाही, औषधानं धरून ठेवता येईल. पुढच्या सोमवारी मोठ्या डॉक्टरांकडे जायचं आहे.

आता कोटाचं सांगते. गिऱ्हाइकानं कापड स्वतः आणलं होतं, जाड लोकरीचं, परदेशातलं, पुन्हा मिळणारं नाही. बाह्या बेतताना आपण कापड दुहेरी घडी घालतो, म्हणजे एका कापात डावी-उजवी दोन्ही निघतात, हे तुला सांगायला नको. पण दोन थर जाड लोकर एकदम कापायला हाताला जोर लागतो. तो माझ्यात राहिला नाही. म्हणून मी कापड उलगडून एकेरी पसरलं, डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरलं आणि एक बाही कापली. मग कागदी साचा पुढं सरकवला आणि दुसरी कापली. साचा उलटा करायचा राहिला. दोन्ही बाह्या डाव्या झाल्या. शिकाऊ माणूस करतो ही चूक, आणि आपण त्याला जन्मभर चिडवतो.

शनिवारी आमच्या मशीनवालीच्या ते लक्षात आलं. तिनं दोन्ही बाह्या उचलून शेजारी शेजारी धरल्या, मग माझ्या हाताकडे पाहिलं. गेल्या आठवड्यात एक कटर काम सोडून गेला आहे. ती हळूच म्हणाली, त्याच्या नावावर जाईल हे, तो काही परत येत नाही, हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेता? माझ्यावर तिचा जीव आहे म्हणून म्हणाली. आणि मी गप्प बसले. रविवारी तुला 'एका कोटाचं जरा राहिलं आहे' लिहिलं ते हेच. सांगितलं तर टेबल जाणार, आणि नाही सांगितलं तर एका माणसाचं नाव जाणार, असा तो रविवार होता.

काल सकाळी मी दुकानाच्या जिन्यात बसले. मालक वरच्या खोलीत आले होते. म्हटलं, चिमी करते तसं करून बघू. डोळे मिटले. मला कुठली सवय? काय म्हणायचं तेच सुचेना. शेवटी म्हटलं, मी चिमीची मोठी बहीण. ओळखीनं कामं होतात म्हणून आधी ओळख सांगितली. हसू नकोस.

उत्तर काही आलं नाही. वरून मशीनचा आवाज येत होता, कुणीतरी इस्त्रीवर पाणी मारत होतं. मी तशीच बसून राहिले, आणि मनात आलं, चिमी असती तर एव्हाना जिना चढून सांगून मोकळीही झाली असती. आणि आईनं ते दूधवाल्याला सांगितलं असतं. एवढं मनात आलं मात्र, माझा असा जळफळाट झाला की मी उठलेच. तुझ्यासारखी श्रद्धा वगैरे काही नव्हती, निव्वळ मत्सर होता. पण पायऱ्या त्यानंही चढता येतात.

मालकांपुढं बाह्या ठेवल्या आणि म्हटलं, "या मी कापल्या. माझा हात थरथरतो. गेलेल्या माणसाच्या नावावर घालू नका."

त्यांनी एक बाही उचलून कडेच्या खडूवर बोट फिरवलं. मग म्हणाले, "तुमच्या खडूच्या वाकड्या रेघा बघतोय मी कधीपासून. वाटलं होतं, तुम्ही सांगणार नाही."

टेबल त्यांनी दुसऱ्याला दिलं, चिमे. तिथल्या तिथं दिलं. मला म्हणाले, मापं घ्या, ट्रायल बघा, डोळा तर तुमचाच आहे. मी म्हटलं, टाचणी लावताना गिऱ्हाइकाला टोचली तर? म्हणाले, ओरडेल. उजवी बाही आता उरलेले तुकडे जोडून काखेखाली शिवण घेऊन निघेल, आणि गिऱ्हाइकाला ते स्वतः सांगणार आहेत. 

आज माझी कात्री दुसऱ्या कटरच्या हातात दिली. त्यानं घेतली आणि सरळ चालवली, जाड कापड, दुहेरी घडी, एका दमात. मी शेजारी उभी राहून बघितलं. मला वाटलं होतं रडू येईल, पण रागच आला. जळायला आता आणखी एक माणूस मिळाला. आई म्हणते सगळ्या वाईटातून काही चांगलं निघतं; ते कधी निघायचं ते निघो, आज तरी मला माझं टेबल हवं आहे.

तर रविवारी ये. गाडी तिथंच ठेव, बसनं ये. आईला आपण दोघी मिळून सांगू, मला एकटीला जमणार नाही. सोमवारी माझ्याबरोबर डॉक्टरांकडे चल. तुझ्या देवाला आणलंस तरी चालेल, आमची आता तोंडओळख झाली आहे. पण आल्या आल्या 'तो आहे ना' म्हणू नकोस, मला ते ऐकवणार नाही. आधी दार लावून माझ्याजवळ बस आणि मला एकच सांग. तुला भीती वाटते का ग? वाटत असेल तर हो म्हण. नसेल वाटत तरी हो म्हण.

तुझ्यावर अजून जळणारी,
तुझीच
ताई