विषय क्रमांक चौदा, अनुमोदक मी

१८ मार्च, बुधवार
नवी वही. जुन्या वहीत हिने लोकांचे फोन नंबर लिहायला सुरुवात केली, तेव्हा ती सोडून दिली. ही वही मी कुलपात ठेवणार. कुलूप आणायचं आहे.

जिल्हा मंडळाचा सदस्य म्हणून मला अकरावं वर्ष लागलं. सभा दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी, आणि एकाही सभेला मी गैरहजर नाही. भाषण मात्र एकही नाही. ते मुद्दाम. ऊठसूट बोलणाऱ्याच्या शब्दाला वजन राहत नाही. माझं काम अनुमोदनाचं. कुणीतरी ठराव मांडतं, अध्यक्ष इकडेतिकडे बघतात, मी 'अनुमोदन' म्हणतो आणि ठराव पुढे सरकतो. सचिव तर इतिवृत्ताच्या कागदावर अनुमोदकाच्या जागी माझं नाव आधीच टाइप करून ठेवतात. एवढा विश्वास मंडळात दुसऱ्या कुणावर नाही.

आज पुढच्या सभेचा अजेंडा आला. विषय क्रमांक चौदा: पाणीपुरवठा ऑफिसच्या वरचं वाचनालय बंद करून ती जागा नादुरुस्त मीटर ठेवायला देणे. वाचलं. काही वाटलं नाही. मग आठवलं, बाबा तिथेच जातात.

१९ मार्च, गुरुवार
बाबा चौऱ्याऐंशी वर्षांचे. सगळं आयुष्य छापखान्यात प्रूफं तपासण्यात गेलं. अजून शर्टच्या खिशात लाल पेन्सिल असते. रोज सकाळी नऊला वाचनालय, खिडकीजवळची खुर्ची, झाडून सगळे पेपर, एकला घरी. कुठल्या पेपराने काय चुकीचं छापलं ते जेवताना हिला सांगतात. मला सांगत नाहीत. आमचं वाकडं वगैरे काही नाही. आमचं काहीच नाही.

आज जेवताना बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, त्या चौदा नंबरचं काही करता येतं का बघ. त्यांना तिथल्या ग्रंथपाल बाईंकडून कळलं होतं. बाबांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी म्हणालो, झालंच म्हणून समजा. ही म्हणाली, आधी ताटातलं संपवा.

२२ मार्च, रविवार
आखणी केली. नियम असा की किरकोळ विषयांची एक एकत्रित यादी असते. ती एका दमात मंजूर होते. त्यातला एखादा विषय चर्चेला हवा असेल तर अध्यक्ष विचारतील तेव्हा हात वर करून 'अमुक विषय वेगळा काढा' एवढंच म्हणायचं. म्हणजे मला तीन शब्द बोलायचे आहेत. चौदा वेगळा काढा. मग चर्चा, मग माझं भाषण, मग मतदान.

निश्चय: उद्यापासून पहाटे साडेपाचला उठून गच्चीवर भाषणाचा सराव.

२३ मार्च, सोमवार, सकाळी पावणेनऊ
गजर वाजला होता असं ही म्हणते. माझ्या मते वाजला नाही. शिवाय भाषण अजून लिहिलेलं नाही, मग सराव कसला करणार? सगळं क्रमाने व्हायला हवं.

२६ मार्च, गुरुवार
वाचनालयाची प्रत्यक्ष पाहणी. लोखंडी जिना, दोन खोल्या, भिंतीला ओल. आत बाबा धरून पाच माणसं. बाबांनी वर बघितलं आणि परत पेपरात डोकं घातलं. कामात असताना ते असेच असतात.

जबरदस्त मुद्दा हाती लागला. अधिकाऱ्यांच्या अहवालात लिहिलंय की वाचनालयात रोज एकच वाचक येतो. हा आकडा त्यांनी सह्यांच्या रजिस्टरवरून काढला. रजिस्टर बघितलं, तर दोरीने बांधलेलं पेन नोव्हेंबरपासून वाळलेलं. लोक येतात, पेन घासून बघतात आणि सही न करता आत जातात. फक्त बाबा स्वतःच्या लाल पेन्सिलीने सही करतात. म्हणजे मंडळाच्या दप्तरी गेले चार महिने या वाचनालयाला एकच वाचक आहे, आणि तो माझा बाप आहे.

बाई म्हणाल्या, पेनांसाठी तीनदा अर्ज केला. चौकशी केली. अर्ज यादीत आला होता आणि 'पुढे विचार करू' म्हणून मंजूर झाला होता. अनुमोदन माझंच होतं.

निश्चय: उद्या तिथे एक पेन नेऊन द्यायचं.

३० मार्च, सोमवार
पेन राहिलं. पण भाषण झालं. चार पानं. बाबांच्या उशीपाशी ठेवून आलो. संध्याकाळी परत मिळालं, तेवीस ठिकाणी लाल खुणा. ऱ्हस्व-दीर्घ, एक शब्द दोनदा, तीन वाक्यं उगाच लांब. मात्र दुसऱ्या पानावर पेनाच्या मुद्द्याशेजारी समासात लिहिलं होतं: हे खरं आहे.

ते वाचून जरा बरं वाटलं. पण खोलीतला पंखाही आजच दुरुस्त झालाय, त्यामुळे नक्की कशामुळे वाटलं ते सांगता येत नाही.

२ एप्रिल, गुरुवार
मतांची जुळवाजुळव. नऊ सदस्य, पाच मतं हवीत. सभेत माझ्या शेजारी गुरांचे डॉक्टर बसतात आणि सभाभर शब्दकोडं सोडवतात. ते म्हणाले, तुम्ही विषय वेगळा काढा, माझा हात वर आहेच. बेकरीवाले तयार. दोघी शिक्षिका तर म्हणाल्या, आम्ही तुमचीच वाट बघत होतो. मी धरून पाच झाले. म्हणजे जिंकल्यात जमा. आता फक्त हात वर करायचा.

निश्चय: सभेनंतर बाबांना घेऊन कुठेतरी चहाला जायचं. आमचं बोलणं कशावर होईल त्याचे दोन-तीन विषय आधी काढून ठेवायला हवेत.

६ एप्रिल, सोमवार
बाबा उद्या सभेला येणार आहेत. त्यांनी आपला शर्ट स्वतः इस्त्री केला. माझाही केला. पेन्सिलीला टोक केलं. ही म्हणाली, नीट बोला हो, ते दोन दिवस धड जेवले नाहीत. मला काही टेन्शन नाही. दाढेला इंजेक्शन दिल्यावर गाल असतो तसं सगळं शांत आहे. अनुभवाने येतं हे.

७ एप्रिल, मंगळवार, दुपारी साडेतीन
सभा सुरळीत पार पडली.

सविस्तर लिहायला हवं. बाबा मागच्या रांगेत, नागरिकांच्या खुर्च्यांवर, दाराकडून तिसरे. दुसरे नागरिक नव्हतेच. आधी मागचं इतिवृत्त कायम झालं. मग अध्यक्ष म्हणाले, एकत्रित यादी, विषय तीन ते एकोणीस, कुणाला काही वेगळं काढायचंय का. माझा हात भाषणावर होता. नेमकं तिसरं पान वर आलेलं. म्हटलं, आधी पहिलं पान वर घेऊ. तेवढ्यात उपाध्यक्षांनी यादी मंजुरीला मांडली. अध्यक्षांनी इकडेतिकडे बघितलं. सभागृहात शांतता पसरली.

त्या शांततेत अकरा वर्षं एकच आवाज येतो. आजही आला. मीही ऐकला. 'अनुमोदन.' चांगला खणखणीत होता.

सतरा विषय मंजूर. डासप्रतिबंधक समितीवर दोन नेमणुका, गवत कापायची मशिनं, टाक्या धुण्याच्या कामाला मुदतवाढ, आणि चौदा. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मग कोड्याकडे. दोघी शिक्षिकांनी अजेंड्याचं पान उलटलं.

पुढची पन्नास मिनिटं ऑफिसच्या गेटला कुठला रंग द्यावा यावर चर्चा. हिरवा म्हणणारे चार, निळा म्हणणारे चार. तेव्हा मी उठलो. होय, उठलो आणि बोललो. म्हणालो, राखाडी द्या, राखाडीवर धूळ दिसत नाही. सगळ्यांना पटलं. अकरा वर्षांतलं माझं पहिलं भाषण, आणि त्यावर ठराव झाला. म्हणजे बोलता येतं हे सिद्ध झालं. वाचनालयाच्या दृष्टीने ही चांगली तयारी म्हणायची.

बाबा शेवटपर्यंत बसले होते. चहा नको म्हणाले. चालत घरी आलो. वाटेत मी त्यांना समजावलं की अध्यक्ष घाई करतात, विचारलं की दोन सेकंदही थांबत नाहीत, माणसाने तोंड उघडायचं कधी? बाबांनी ऐकून घेतलं. कोपऱ्यावर आल्यावर म्हणाले, गेटचं बरोबर बोललास.

८ एप्रिल, बुधवार
काहीही बिघडलेलं नाही. इतिवृत्त पुढच्या सभेत कायम होईपर्यंत कच्चंच असतं. ५ मेला मी उठून सांगणार, विषय चौदाला माझं अनुमोदन नव्हतं, दुरुस्ती करा. अनुमोदन गेलं की ठराव लंगडा. सचिवांना फोन केला. ते म्हणाले, तसा नियम आहे, पण अजून कुणी वापरला नाही. म्हणजे पहिला मी.

१५ एप्रिल, बुधवार
मीटर आले. बाबा सवयीने नऊला गेले आणि वीस मिनिटांत परत आले. मागोमाग मीटर वाहणारे दोघे खिडकीजवळची ती खुर्ची घेऊन आले. बाईंनी पाठवली होती. हिने ती आमच्या खिडकीशी लावली. समोर शेजाऱ्यांची भिंत आहे, पण उजेड बरा येतो.

२१ एप्रिल, मंगळवार
कच्चं इतिवृत्त घरी आलं. मी आंघोळीला गेलो असताना बाबांनी पाकीट फोडून वाचायला घेतलं होतं. पेन्सिल हातात. मी दारात उभा राहिलो. विषय चौदा, सर्वानुमते मंजूर, अनुमोदक म्हणून माझं पूर्ण नाव. तिन्ही पानं झाली तरी त्यांनी पेन्सिल टेकवली नाही. मग घडी घालून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, एकही चूक नाही.

२७ एप्रिल, सोमवार
घरी एक पेपर सुरू केलाय. तो बाबांचा पावणेदहाला संपतो. नंतर एक वाजेपर्यंत भिंत. जेवताना बोलायला त्यांच्याकडे काही नसतं. ही म्हणाली, तुम्ही जाऊन त्यांच्याशी बोला. मी म्हणालो, ५ तारखेनंतर बोलेन, तेव्हा सांगण्यासारखं काहीतरी असेल.

५ मे, मंगळवार
आज मी काय केलं ते लिहून ठेवण्यासारखं आहे.

पहिलं पान वर ठेवलं होतं. टाचणीही लावली होती. अध्यक्षांनी विचारलं, इतिवृत्तात काही दुरुस्ती? मला धोका ठाऊक होता. तोंड उघडलं तर तोच शब्द निघेल. म्हणून मी ओठ गच्च मिटून घेतले. उपाध्यक्षांनी मांडलं. अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. सचिवांनी टायपिंग थांबवून बघितलं. मी दातांवर दात. शेवटी डॉक्टरांनी कोड्यातून मान वर न काढता अनुमोदन दिलं आणि इतिवृत्त कायम झालं.

अकरा वर्षांत पहिल्यांदा मी अनुमोदन दिलं नाही. माझा विरोध सगळ्यांच्या लक्षात आला असणार. नंतर सचिवांनी विचारलं, घसा बसलाय का?

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, बरं.

१० मे, रविवार
दुपारी जेवणं चालली होती. बाबांनी पाण्याचा पेला बाजूला सरकवला आणि म्हणाले, विषय क्रमांक एक. मला वाटलं थट्टा करतायत. म्हणाले, मी ताईकडे राहायला जातोय. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, बसने चार तासांवर असते. तिच्या घराशेजारी वाचनालय आहे, सकाळी आठला उघडतं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, कुणाची हरकत?

हरकत होती. मुद्दे होते. तिकडचे जिने, त्यांचे गुडघे, इथली खुर्ची. आणि बाबा, जाऊ नका. हेही होतं, सगळ्यात शेवटी. मी मनातल्या मनात भाषणाची पानं लावत होतो. ही हातातला आमटीचा डाव तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली. बाबा माझ्या डोक्यावरच्या घड्याळाकडे बघत होते. अध्यक्ष दोन सेकंद देत नाहीत. बाबांनी पूर्ण एक मिनिट दिलं. मला काटा दिसत नव्हता, पण ऐकू येत होता.

मग ते म्हणाले, मंजूर. आणि हात धुवायला उठले.

१३ मे, बुधवार
बाबांना बसमध्ये बसवून आलो. बॅगेची चेन अडकत होती. म्हटलं, पुढच्या वेळी साबण लावून बघू. त्यांनी खिडकीतून हात केला. बस वळली तेव्हा मला एकदम फार वाईट वाटलं. लगेच लिहून ठेवायला हवं होतं. घरी येईपर्यंत गेलं.

निश्चय: दर रविवारी त्यांना भेटायला जायचं.

२ जून, मंगळवार
सभा. यादीत अकरा विषय. सगळे मंजूर. अनुमोदक मी.

तीन रविवार झाले, जमलं नाही. एकदा बसची वेळ, दोनदा ऊन. ताईचा फोन हिला येतो. बाबा तिकडे जेवताना खूप बोलतात म्हणे.

खिडकीजवळच्या खुर्चीवर आता मी बसतो. समोर शेजाऱ्यांची भिंत. राखाडी आहे. धूळ दिसत नाही.