विगमोरचं लग्न झालं होतं का?

पार्सिपनी, न्यू जर्सी
२ ऑक्टोबर २००६

प्रिय श्रीराम,

सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा आणि वहिनींचा खोकला या दोघांची चौकशी केल्याशिवाय पुढे लिहायचं नाही असं संध्याने बजावलं आहे, तेव्हा आधी ते. दोघं कसे आहेत? आम्ही इकडे ज्ञानदाच्या घरी खुशाल आहोत. लेक-जावई कामावर जातात आणि आम्ही घर राखतो. थंडी अजून नावालाच आहे, पण मी आत्तापासून स्वेटर घालून बसतो, सराव म्हणून. खरं तर फोनच करणार होतो. पण इथल्या भिंती लाकडाच्या. वरच्या खोलीत शिंकलं तर तळघरातला माणूस तब्येत विचारायला येतो. आणि मला जे विचारायचं आहे ते आमच्या व्याह्यांच्या कानावर जाऊन चालणार नाही.

तुला 'विगमोर्स काउंटर' आठवतं ना? आपण बँकेच्या सांगली शाखेत होतो तेव्हा तुझ्याकडे टीव्ही आला आणि ती जुनी इंग्रजी विनोदी मालिका बघायला आम्ही दोघं तुझ्याकडे यायचो. (वहिनी दर वेळी पोहे करायच्या. इंग्रजी विनोद आणि पोहे हे माझ्या डोक्यात अजून एकत्रच आहेत.) लंडनच्या कुठल्याशा स्टेशनातलं हरवलेल्या वस्तूंचं ऑफिस, काउंटरमागे तो लांब चेहऱ्याचा मिस्टर विगमोर, त्याची काटकुळी साहेबीण मिसेस पिम, आणि प्रवाशांनी गाडीत विसरलेल्या छत्र्या, कवळ्या, एकदा तर जिवंत बोकड. विगमोर ब्रह्मचारी. अख्ख्या मालिकेत तो ऑफिसाबाहेर पाऊल टाकत नाही. हा झोपतो कुठे, यावर आपण वाद घातला होता. हे असंच होतं ना? घाईने हो म्हणू नकोस, आधी पुढचं वाच.

जावयाचे, म्हणजे प्रसादचे वडील श्रीरंगराव ऑगस्टमध्ये नागपूरहून इथे आले. विहीणबाई, सुमित्राबाई, गेल्या वर्षी गेल्या, म्हणून प्रसादने त्यांना आग्रहाने बोलावून घेतलं. माणूस मोकळा आणि सज्जन आहे, पण शेवटी मुलाचे वडील. त्यांचं बोलणं खोडून काढायचं नाही, अशी ताकीद संध्याने मला आधीच देऊन ठेवली होती. (इथे लोक साहेबाला सरळ नावाने हाक मारतात, पण मुलीचा बाप इथेही मुलीचाच बाप.) हवापाणी आणि शुगर हे आमचे दोन्ही विषय पहिल्याच आठवड्यात संपले. मग एका संध्याकाळी त्यांनी आपणहून विगमोरचं नाव काढलं आणि मला परदेशात गाववाला भेटल्यासारखं झालं. ते म्हणाले, त्या स्पेनच्या हॉटेलात बायको त्याला कशी फैलावर घेते ते आठवलं की अजून हसू येतं. मी चमकलो. स्पेन कुठलं? आणि बायको कुठून आली? पण ताकीद आठवली. मी मान डोलावून म्हणालो, 'वा, काय फैलावर घेते.' एकदा डोलावलेली मान पुन्हा सरळ करता येत नाही, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

त्यानंतर रोज काहीतरी नवीन. विगमोर उंटावर बसतो, मिसेस पिम दारात अडकते इतकी जाडी, सगळं रंगीत. मी चाचपून बघायला विगमोरच्या ऑफिसातल्या चहावालीचा विषय काढला, तर ते जरा थांबून म्हणाले, 'तीच की त्याची बायको.' मी त्यावरही हो म्हणालो. रात्री अंथरुणावर पडलो की बोकड आठवे, पण तो मी खरंच पाहिला की माझ्या मनाने घातला, याची खात्री वाटेना. आमचे अण्णा शेवटी पोटच्या मुलालाच ओळखेनासे झाले होते, तुला ठाऊक आहे. तूच त्यांना एकदा बाजारातून हात धरून घरी आणलं होतंस. त्यांचंही अशाच बारीकसारीक गोष्टींपासून सुरू झालं होतं. सगळे म्हणतात एक आणि अण्णा म्हणतात दुसरंच. मला भीती वाटली, श्रीराम. संध्यालाही सांगवेना. मी गुपचूप बदाम भिजवून खायला लागलो आणि मागच्या अंगणात फिरताना निमकी-पाऊणकीचे पाढे म्हणायला लागलो. (पाऊणकीत अडकलो. पण पाऊणकीत मी शाळेतही अडकायचो, त्यामुळे त्यावरून काही सिद्ध होईना.)

अशात एका सकाळी बदामांची वाटी रिकामी. मी खाल्ले नव्हते, निदान खाल्ल्याचं आठवत नव्हतं, आणि हे तर पहिल्यापेक्षाही वाईट. घाबरून गराजमध्ये गेलो तर श्रीरंगराव मोटारीशेजारी डोळे मिटून उभे, आणि नागपूरपासून भुसावळपर्यंतची स्टेशनं क्रमाने म्हणत होते. मला बघून ओशाळले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मी अधूनमधून काउंटरवरच्या छत्र्यांबद्दल, बोकडाबद्दल जे जे बोललो होतो, त्यातलं त्यांना अक्षर आठवत नव्हतं. पण सुनेच्या वडिलांना खोटं कसं पाडायचं, म्हणून तेही मान डोलावत राहिले आणि मनातून हादरले. बदाम त्यांनीच खाल्ले होते. दोन म्हातारे एकमेकांचा मान राखता राखता वेडे व्हायच्या बेतात आले होते.

ज्ञानदाच्या कानावर हे गेल्यावर ती हसली नाही, आधी आमच्याकडे टक लावून बघत राहिली. मग लायब्ररीतून (इथे लायब्ररीत सिनेमेसुद्धा फुकट घरी नेऊ देतात) दोन खोकी घेऊन आली. पहिल्यातली तबकडी लावली आणि आपला विगमोर पडद्यावर आला, काळापांढरा, ब्रह्मचारी. पुढे बोकडही आला. मी सुटलो. पण शेजारी बघितलं तर श्रीरंगरावांच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता, आणि मला जिंकल्याचा आनंद होईना. तेवढ्यात ज्ञानदाने दुसरं खोकं उघडलं. 'नाना, या मूव्हीज आहेत. सीरीज संपल्यावर काढलेल्या. टोटली वेगळी स्टोरी आहे. तुम्ही याच पाहिल्यात ना? मग तुम्ही दोघंही करेक्ट आहात, यार.' (सासऱ्यांना ती नाना म्हणते. यार कोणाला म्हणाली ते कळलं नाही.)

तर सिनेमे असे. श्रीरंगराव आणि सुमित्राबाई लग्नानंतर नागपुरात सकाळच्या खेळाला जाऊन बघायचे, ते हेच. माणूस तोच, नाव तेच, आणि तरी काहीच ते नाही. ज्याला ऑफिसाबाहेर काढायचं नाही हीच गंमत, त्याला यांनी स्पेनला नेलं. चहावालीचं काम करणारी नटी तीच, पण आता ती त्याची बायको, आणि लग्न कधी लागलं याचा खुलासा नाही. मिसेस पिम तर मालिकेच्या शेवटी वारल्या होत्या. इथे त्या दुसऱ्याच बाईच्या देहात जिवंत, आणि कोणालाही त्याचं नवल नाही. अर्ध्या तासाचा विनोद दीड तास ताणलाय, नीट न मळलेल्या कणकेसारखा तुटत जातो. शिवाय मालिकेत मागून लोक हसायचे, म्हणजे कुठे हसायचं ते कळायचं. सिनेमात सगळं शांत, त्यामुळे मी एका अंत्ययात्रेला हसलो आणि श्रीरंगराव माझ्याकडे बघत राहिले. पण त्यांना बोकड आवडला. उंट, खरं सांगायचं तर, मलाही आवडला.

तेव्हा आमची दोघांचीही डोकी ठिकाणावर आहेत, गोंधळ लंडनवाल्यांचा होता. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आमच्यावरची माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
पुरुषोत्तम

ता. क. खरं काम राहिलंच. सगळ्या तबकड्या संपल्यावर श्रीरंगराव म्हणाले, 'पण तो बोटीतला प्रसंग कुठे गेला?' विगमोर बोटीत घाबरून बसलाय, बायको त्याला संत्रं सोलून देते, साली त्याच्याच रुमालात गुंडाळून त्याच्या खिशात घालते, आणि पुढे कित्येक दिवसांनी काउंटरवर रुमाल काढताना त्या वाळलेल्या साली खाली पडतात. फार सुंदर सांगितलं त्यांनी. मी मालिका पुन्हा बघितली, सिनेमे पुन्हा बघितले. असा प्रसंग कशातच नाही. प्रसादला विचारलं. म्हणाला, 'भेडाघाटला बोटीत बसलो होतो आम्ही. मी लहान होतो. दॅट वॉज आई.' श्रीरंगरावांना आम्ही कोणी काही बोललो नाही. ते म्हणतात, तुमच्या सांगलीच्या मित्राला नक्की आठवत असेल. दिवाळीच्या दिवशी ते तुला फोन करणार आहेत. श्रीराम, तू हो म्हण. संत्र्याचं तूच आधी काढलंस तर फार बरं होईल.

आणखी एक. दिवाळीनंतर प्रसाद त्यांना डॉक्टरकडे नेणार आहे. तेव्हा तुला तो बोटीतला प्रसंग खरोखरच आठवत असेल, तर मला लगेच कळव. म्हणजे विसरणारा मीच. त्यांच्या जागी मी जाईन, आणि आनंदाने जाईन.